वजनाचा हिशेब दहाव्या वर्षी मांडा



गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत एक लग्न होते. पंगतीत आमच्या शेजारच्या एका ताईंनी दुसरी पुरी घेतली, तोच समोरून आवाज आला, "एवढा पैसा घालून ऑपरेशन केलं, आणि परत होती तशीच झाली की!" चारचौघी हसल्या. ताई अर्ध्या ताटावरून उठल्या.

२०१६ साली या ताईंचे लठ्ठपणाचे ऑपरेशन झाले, तेव्हा कागदपत्रांसाठी आम्हीच धावपळ केली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ताई म्हणाल्या, "दादा, माझंच चुकलं. जिभेवर ताबा राहिला नाही. आता डॉक्टरांना कोणत्या तोंडानं भेटू?" लाजेपायी तीन वर्षे त्या तपासणीला गेल्या नव्हत्या. गोळ्याही बंद होत्या. जिना चढताना दम लागत होता, पायांना सारख्या मुंग्या येत होत्या.

आम्ही पडलो कारकून. त्यांची फाईल काढून आकडे मांडले. ऑपरेशनपूर्वी वजन ११६ किलो. दोन वर्षांनी ७८. आज ८८. लोकांना वाढलेले १० किलो दिसतात. घटलेले २८ किलो कुणी मोजत नाही.

आता हेच आकडे जगाच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहू. स्वीडन देशात १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. ऑपरेशन केलेले २,०१० लोक आणि त्यांच्यासारखेच पण ऑपरेशन न केलेले २,०३७ लोक, यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. ताईंसारखे बायपास ऑपरेशन झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे ११६ किलोच्या माणसाचे आधी सुमारे ३७ किलो उतरणार आणि दहाव्या वर्षी त्यातले सुमारे २९ उतरलेले राहणार. आमच्या ताईंचे ३८ उतरले आणि २८ राहिले. यात त्यांचे चुकले काय? ऑपरेशन न केलेल्यांचे वजन मात्र जवळपास होते तिथेच राहिले.

थोडे वजन परत का येते? वजन उतरले की शरीर त्याला दुष्काळ समजते. भूक वाढवते, खर्च होणारी शक्ती कमी करते. ऑपरेशनमुळे हा जोर बराच मोडतो, पण पुरता मोडत नाही. याला आळस किंवा हावरटपणा म्हणणे हे अज्ञान आहे.

वजनकाट्यापलीकडचाही हिशेब आहे. त्याच अभ्यासात सुमारे ११ वर्षांत ऑपरेशन न केलेल्यांपैकी १२९ जण दगावले, तर केलेल्यांपैकी १०१. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ऑपरेशन केलेल्यांना सरासरी तीन वर्षे आयुष्य जास्त मिळाले. तरीही सर्वसाधारण लोकांइतके ते मिळाले नाही. मधुमेहाचेही तसेच. दोन वर्षांनी शंभरातील ७२ जणांचा मधुमेह आटोक्यात येऊन औषधे सुटली होती. पंधरा वर्षांनी असे ३० जणच उरले. म्हणून "साखर गेली" असे समजून रक्त तपासणे सोडू नये.

आता गोळ्यांविषयी. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न मधला भाग टाळून जाते. लोह आणि कॅल्शियम शरीरात मुख्यतः त्याच भागात शोषले जाते, आणि बी-१२ जीवनसत्त्वासाठी जठराची मदत लागते. म्हणून या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बी-१२ फार दिवस कमी राहिले तर नसांना कायमची इजा होऊ शकते. ताईंना आम्ही आणि त्यांच्या मुलीने तपासणीला नेले, तर बी-१२ कमी निघाले, रक्तही कमी. इंजेक्शने आणि गोळ्या सुरू झाल्या. आता जिना चढवतो. मुंग्या कमी झाल्या आहेत, पण पुरत्या गेलेल्या नाहीत. लोकांच्या बोलण्याची ही किंमत!

ज्या कुटुंबांत या ऑपरेशनचा विचार चालू आहे, त्यांनी जाहिरातीतले आधीचे-नंतरचे फोटो पाहून कर्ज काढू नये. ते फोटो बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असतात. डॉक्टरांना विचारा, दहाव्या वर्षी काय? ऑपरेशनच्या बिलाशेजारी जन्मभराच्या गोळ्या, दरवर्षीची रक्ततपासणी, जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला रोज हेही लिहा. विमा असेल तर त्यातील लठ्ठपणाच्या ऑपरेशनच्या अटी आधी लेखी मागून घ्या. मुलीचे किंवा सुनेचे ऑपरेशन असेल, तर त्यानंतर किमान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, हे सासरी-माहेरी दोन्हीकडे सांगा. बायपासनंतर दारू फार लवकर चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो, हे पुरुषांनी विशेष ध्यानात ठेवावे.

ऑपरेशन झालेल्यांना आमचे सांगणे एवढेच की, वजन वाढले तर लपू नका, तपासणीला जा. फार वाढले तर त्यावरही इलाज आहेत.

आणि बाकीच्यांना? पंगतीत दुसऱ्याच्या पुऱ्या मोजणे सोडा. मोजायचेच असेल, तर घरातल्या माणसाने या महिन्यात किती गोळ्या चुकवल्या ते मोजा.