यंत्रमानव कोणाच्या वर्गात?

म्हशाच्या यात्रेतील पाळणा कशाने फिरतो, हा प्रश्न मुरबाड-शहापुरातील कातकरी-ठाकर पाड्यांवरील मुलांनाही पडतो. छोटी मोटर, दंतचक्रे आणि उजेड-अंधार ओळखणारा संवेदक हाती देऊन मुलांना एखादा साधा यंत्रमानव जोडू दिला, तर बल, गती, विद्युत्‌मंडल या कल्पना घोकंपट्टीवाचून उमगतात. परंतु ही साधने कोणाच्या हाती पडणार?

अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना २०१६ साली आली. शाळेमागे २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, पण सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी. पाड्यावरची प्राथमिक शाळा त्यातून आपोआप वगळली गेली. विज्ञान मात्र महाग असलेच पाहिजे असे नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ ग्रामीण शाळांतून स्वस्त साहित्यावर प्रयोगनिष्ठ शिक्षण सुरू झाले. त्याच उपक्रमात अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून रचना घडविल्या. २००२ साली सरकारने तो उपक्रम बंद केला. लोकांचा रेटा नसेल, तर चांगले प्रयोगही टिकत नाहीत, हाच त्याचा धडा.

म्हणून कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समित्यांतून मागणी लावून धरावी: प्रत्येक केंद्रशाळेत साहित्यपेटी, शिक्षकांना प्रशिक्षण, आणि मुलाच्या हातून चाक मोडले तर शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही, अशी लेखी हमी. तिच्याअभावी पेटी कुलपातच राहील.