तापानंतरचा कान

शेजारच्या काकूंना चिकुनगुन्या झाला. पावसाळा संपता संपता आमच्या सोसायटीत हे नवं नाही. ताप उतरला, सांधे धरलेले राहिले, तेही होतंच. पण मग उजव्या कानाने ऐकू येईना. घरच्यांनी लसूण घालून तेल कढवलं, कोमट करून कानात सोडलं, वर कापसाचा बोळा. त्यात आठवडा गेला. त्या आठवड्याचा मला फार राग आहे.

डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका या तिन्ही तापांत किंवा त्यांनंतर क्वचित ऐकणं कमी होतं. ब्राझीलमधल्या झिकाच्या साथीतल्या काही रुग्णांत असं तात्पुरतं बहिरेपण नोंदलं गेलं. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि २०२४ मध्ये पुण्यातच शंभरावर निघाले, तेव्हा हे दूरचं नाही. बिघाड असतो आतल्या कानात. तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं. अनेकांचं ऐकणं परत येतं, पण अचानक गेलं असेल तर औषधाचा खरा उपयोग पहिल्या पंधरवड्यात होतो.

काकू आमच्या भजनी मंडळातल्या. पेटीचा एकच सूर दोन कानांत वेगवेगळा वाजतो, असं त्या सांगत होत्या. आतला कान बिघडला की असं होऊ शकतं. घरात मात्र कुणी ते मनावर घेतलं नाही. ‘वय झालं,’ म्हणाले. साठीच्या बाईचा कान चार दिवसांत म्हातारा होतो का?

आणि ते ओरडणं! मुलगा खोलीच्या दारातून ओरडायचा, पाठीमागे टीव्ही चालू. आतल्या कानाच्या बहिरेपणात मोठा आवाज स्पष्ट होत नाही, उलट टोचतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं की पुष्कळ कळतं. त्याहून वाईट म्हणजे काकूंनी ‘काय म्हणाला रे?’ विचारलं की मिळणारं उत्तर : ‘काही नाही, जाऊ दे.’ जेवणाच्या टेबलावर मी ते ऐकलं. सगळे हसत होते आणि काकू ताटातली भाकरी मोडत खाली बघत होत्या. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं, भजनाला येणंही.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी श्रवणचाचणी केली, उपचार दिले आणि बरंचसं परत आलं. उशीर होऊनही आलं, हे त्यांचं नशीब.

तेव्हा, तापानंतर घरात कुणी ‘कान भरलाय’ म्हणालं, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि ऐकू न येणाऱ्याने विचारलं, तर झालेलं बोलणं पुन्हा सांगा, पूर्ण.