नाव ५८०, माल ५७०

‘१०६० घेऊ का ५८०?’ हा प्रश्न इतकी वर्षं झाली तरी विचारला जातो, कारण विचारणाऱ्या पोरांच्या खिशात पैसे बेताचेच असतात. नव्या ग्राफिक्स कार्डाचे भाव ऐकून मुलं मागे फिरतात आणि पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुनं कार्ड शोधत हिंडतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना मिळणारं उत्तर मात्र बऱ्याचदा खोटं असतं. ‘जीटीएक्स १०६०’ या एका नावाखाली दोन वेगळ्या ताकदीची कार्डं विकली जातात, आणि ‘आरएक्स ५८०’ या नावाखालीही तेच चालतं. ही लबाडी गल्लीतल्या दुकानदाराने शोधून काढलेली नाही. ती एनव्हिडिया आणि एएमडी या दोन बड्या कंपन्यांनी राजरोस केली. दुकानदार त्यांचीच री ओढतो आहे.

एनव्हिडियापासून सुरू करतो. जुलै २०१६ मध्ये ६ जीबी मेमरीचं १०६० आलं. आत १२८० कोअर. कार्ड उत्तम होतं. पुढे कित्येक वर्षं जगभरात गेमिंग करणाऱ्यांच्या मशीनमध्ये सर्वांत जास्त दिसणारं कार्ड हेच होतं. पण महिनाभरात, ऑगस्टमध्ये, कंपनीने ३ जीबीचं १०६० बाजारात आणलं. नाव वाचून कुणालाही वाटेल की फरक फक्त मेमरीचा आहे. प्रत्यक्षात चिपमधले कोअरही कापले होते: १२८० चे ११५२. ताकदीचा दहावा भाग कमी आणि नाव तेच. याला वेगळा क्रमांक देणं सहज शक्य होतं. दिला नाही, कारण १०६० हे नाव खपत होतं.

मेमरी ‘फक्त निम्मी’ आहे असं म्हणणाऱ्यांनी निम्म्या मेमरीचं काय होतं तेही समजून घ्यावं. १०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला १९२ जीबी वेगाने चिपला माल पुरवते. गेमचे टेक्स्चर त्या ३ जीबीत मावले नाहीत की उरलेला माल कॉम्प्युटरच्या साध्या रॅममधून, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ओढावा लागतो, आणि त्या वाटेचा वेग सेकंदाला १६ जीबीच्या आतबाहेर. म्हणजे बारावा हिस्सा. म्हणून या कार्डावर सरासरी एफपीएस बरा दिसतो, पण वळणावर गाडी वळवली की चित्र अडकतं, भिंती धूसर राहतात, समोरचा खेळाडू दिसेपर्यंत तुम्ही मेलेले असता. विकणारा तुम्हाला सरासरीचा आकडा दाखवतो. खेळताना बोचतात ते मधले झटके. ३ जीबीचं १०६० आज फुकट मिळालं तर घ्या. त्यासाठी एक रुपयाही मोजू नका.

आता एएमडी. एप्रिल २०१७ मध्ये आरएक्स ५८० आलं. २३०४ शेडर (एनव्हिडिया ज्यांना कोअर म्हणते तेच), ८ जीबी मेमरी, सेकंदाला २५६ जीबीचा वेग. मुळात २०१६ चं आरएक्स ४८० थोडं ताणून नव्या क्रमांकाने आणलेलं, पण निदान सांगितलेला माल आत होता. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनच्या बाजारात कंपनीने ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ नावाचं कार्ड उतरवलं. त्यात शेडर २०४८. हा आकडा आरएक्स ५७० चा आहे. म्हणजे कंपनीने ५७० उचललं, त्यावर ५८० लिहिलं आणि सुटका म्हणून पुढे ‘२०४८एसपी’ हे शेपूट जोडलं. आपल्याकडच्या ऑनलाइन जाहिरातीत आणि दुकानाच्या काउंटरवर ते शेपूटही गळून पडतं. उरतं ते ‘५८० ८ जीबी, एकदम नवीन, सीलपॅक’.

हे एकदम नवीन म्हणजे काय, ते मी स्वतः उघडून पाहिलं आहे. एका डिप्लोमाच्या मुलाने घेतलेलं असं कार्ड माझ्याकडे आलं, गेम सुरू झाला की पडद्यावर रंगीत चौकोन येतात म्हणून. खोका कोरा, वर प्लॅस्टिक, पंख्यांवर पातळ फिल्म तशीच. हीटसिंकचे मागचे चार स्क्रू काढले. बोर्ड नवाकोरा होता. त्यावरची चिप मात्र जुन्या बोर्डावरून उपसून इथे डकवलेली होती. तिच्या कडेला तपकिरी फ्लक्सचा चिकट थर तसाच, एक कोपरा टवका उडालेला. मेमरीच्या आठ चिपांपैकी दोन चिपांवरचा शिक्का बाकीच्यांपेक्षा वेगळा. कार्डाच्या आतली माहिती दाखवणारं जीपीयू-झेड लावून पाहिलं, शेडर २०४८. त्या मुलाच्या हातात बिल म्हणून एक चिठ्ठी होती. तिच्यावर तारीख, रक्कम आणि ‘व्हीजीए कार्ड’ एवढेच दोन शब्द. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. वडिलांनी रिक्षा चालवून साठवलेले पैसे होते ते. मला अजून त्या दुकानदाराचा राग येतो.

या चिपा येतात कुठून तेही उघड गुपित आहे. मेमरीचा वेग चांगला आणि किंमत कमी म्हणून ४८०, ५७०, ५८० ही पोलारिस घराण्यातली कार्डं इथेरियम या आभासी चलनाच्या माइनिंगवाल्यांनी ट्रक भरभरून उचलली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने माइनिंगची पद्धतच बंद केली आणि ती कार्डं एका रात्रीत निरुपयोगी झाली. मग ती बाजारात ओतली गेली. ८ जीबीचं ५८० शेवटपर्यंत माइनिंगच्या कामाचं होतं. म्हणून आज समोर आलेलं ८ जीबीचं ५८० त्या कामातून आलेलं आहे असं धरूनच चाला. माइनिंग झालेलं प्रत्येक कार्ड मेलेलं असतं असं मी म्हणणार नाही. माइनिंगवाले चिपचा व्होल्टेज उतरवून चालवतात, तिचं फारसं बिघडत नाही. मार बसतो तो मेमरीला आणि पंख्यांना, दिवसरात्र. शिवाय कार्डाचा बायोस बदललेला असतो. तो मूळचा परत न टाकता विकलं की ड्रायव्हर उभाच राहत नाही, आणि दुकानदार सांगतो, ‘तुमच्या विंडोजचा प्रॉब्लेम आहे.’

जुना माल जुना म्हणून विका, आमची ना नाही. मुलं डोळे उघडे ठेवून जुनं घ्यायला तयार आहेत. पण वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणाऱ्यावर आपण तुटून पडतो. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मात्र ‘सेकंडहँडमध्ये असं चालायचंच’ म्हणून मान डोलावतो. का चालायचं?

तर खरं १०६० आणि खरं ५८० समोरासमोर ठेवली तर काय? दोन्ही आली तेव्हा जवळपास बरोबरीची होती. जुन्या डायरेक्टएक्स ११ च्या गेममध्ये १०६० बऱ्याचदा थोडं पुढे असायचं. व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ चे गेम वाढले तसं पारडं ५८० कडे झुकलं, आणि आज त्याची ८ जीबी मेमरी त्याला तारते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ दोन्हीवर १०८० पीला व्यवस्थित चालतात; रेड डेड रिडेम्पशन २ मध्यम सेटिंगवर खेळण्याजोगा होतो. हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय सुरूच न होणारे गेम, जसा डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स, दोन्हींच्या आवाक्याबाहेर आहेत.

किंमत सारखी असेल तर मी ५८० घेईन. अट एकच, २३०४ शेडरचं. पण त्याला १८५ वॅट लागतात, १०६० ला १२०. रोज चार तास खेळलात तर ६५ वॅटच्या फरकाचे वर्षाला साधारण ९५ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर साडेनऊशे रुपये. वीजबिलापेक्षा मला काळजी एसएमपीएसची वाटते. कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या, ‘४५० वॅट’ लिहिलेल्या स्वस्त डब्यात ५८० ला लागणारी आठ पिनांची वायरच नसते. दुकानदार मोलेक्सचा जोड काढून देतो आणि म्हणतो, चालतंय. त्या जोडाची प्लॅस्टिक टोकं वितळलेली मी पाहिली आहेत. एसएमपीएस बदलायला पैसे नसतील तर ६ जीबीचं १०६० घ्या आणि निर्धास्त राहा.

आणखी एक. एएमडीने २०२३ पासून पोलारिसच्या ड्रायव्हरवरचा हात आखडता घेतला. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून १०६० च्या घराण्याला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं. यापुढे फक्त सुरक्षेपुरते अपडेट. विकणारे हे सांगत नाहीत. भाव करताना तुम्ही सांगा.

कार्ड घ्यायला जाल तेव्हा पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड घेऊन जा. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि जुन्या चिपचा बायोस बदलून १०६० म्हणून खपवलेली बनावट कार्डंही ते ओळखतं. दुकानातल्याच मशीनवर लावा, शेडरचा आकडा वाचा. १०६० ला १२८०, ५८० ला २३०४. पंधरा मिनिटं एखादा गेम चालवून दाखवायला सांगा. मग पक्कं बिल मागा, त्यावर कार्डाचं पूर्ण नाव, मेमरी, सीरियल नंबर आणि ‘वापरलेले’ हा शब्द लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर पैसे खिशात घाला आणि बाहेर पडा. आधीच फसला असाल तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.