मदत की आमचाच हप्ता?

कोरोनाच्या टाळेबंदीत, २६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने शेतकऱ्यांना मदत जाहीर केली : ८ कोटी ७० लाख जणांच्या खात्यावर दोन-दोन हजार. आम्ही हिशेब मांडला. पीएम-किसानचे सालाचे सहा हजार २०१९ पासूनच ठरलेले. त्यातलाच हा हप्ता, एप्रिलच्या सुरुवातीला दिला इतकेच. नवा पैसा एक नाही! त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सरकारने कोसळलेल्या भावांपोटी शेतकऱ्यांना थेट १६ अब्ज डॉलर जाहीर केले. (आमचे सरकार एरवी प्रत्येक गोष्टीत अमेरिकेकडे बघते!) इकडे हॉटेले, चहाच्या टपऱ्या बंद, नगरच्या दुधाचा भाव पडला, जुलैत उत्पादक रस्त्यावर आले. कांद्याला जरा भाव येताच १४ सप्टेंबरला निर्यातबंदी. नागापूरच्या शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, जिल्हा बैठकीला त्या वर्षीचे पासबुक आणि कांद्याची पट्टी, दोन्ही आणा. दोन हजार आले, पण गेले किती, ते तिथेच मांडू.