फार्गोची ती रात्र आणि आपलं गॅदरिंग

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. पण ही गोष्ट आपल्या होस्टेलची आहे, म्हणून मराठीतच लिहायची होती. सुरुवात मात्र अमेरिकेत होते.

७ नोव्हेंबर १९४०. नॉर्थ डकोटातलं फार्गो. तिथल्या क्रिस्टल बॉलरूममध्ये ड्यूक एलिंग्टनचा बँड वाजणार होता. स्विंगचा जमाना, लोक आले होते नाचायला. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस हे दोन तरुण मात्र रेकॉर्डिंगचं मशीन उचलून पोचले. त्यांनी रीतसर परवानगी काढली आणि कार्यक्रम रेकॉर्ड केला. तबकडीवर सुई तिथल्या तिथे खाच कोरत जाणार, चुकलं की चुकलं. तबकडी भरली की बदलायची, तोवर बँड थोडाच थांबतो? म्हणून काही गाणी अर्धवटच आहेत.

रूमवर हे लावलं तेव्हा रूममेट म्हणाली, ‘ई, किती खरखर! स्टुडिओवालं लाव ना.’ मला हे पटत नाही. त्या काळच्या स्टुडिओ रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावायची. इथे बेन वेबस्टर ‘स्टार डस्ट’ वाजवतो तेव्हा त्याला कसलीच घाई नाही. बास वाजवणारा जिमी ब्लँटन तेव्हा अवघा २२ वर्षांचा, म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांएवढा. १९४२ मध्ये टीबीने तो गेला. त्या रात्रीचा त्याचा बास आज ऐकू येतो, कारण दोघांनी मशीन उचलून नेलं. १९७८ मध्ये हे रेकॉर्डिंग बाजारात आलं आणि १९८० मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. म्हणजे जवळजवळ ३८ वर्षं त्या तबकड्या सांभाळल्या गेल्या!

आता आपलं बघू. आपले मेसचे काका गणपतीत दरवर्षी नाट्यगीत म्हणायचे. हातातला झारा ठेवून आले की अख्खी मेस गप्प. मार्चमध्ये काका गेले. त्यांच्या मुलीने विचारलं, ‘बाबांचं गाणं कुणाकडे आहे का?’ प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असलेले आम्ही इंजिनियर! सगळ्यांनी शोधलं. सापडले १९ सेकंद, त्यातही निम्म्यात कुणाची तरी शिट्टी. तो क्लिप मीच काढला होता. पुढचं गाणं सोडून मी स्टेटस टाकत बसले होते. तिला तो पाठवताना खूप लाज वाटली.

तुम्ही म्हणाल, आपण काय एलिंग्टन आहोत? नसू. पण त्या रात्री फार्गोत नाचणाऱ्यांनाही ती एक साधी डान्सची संध्याकाळच वाटली असेल. काय जपण्यासारखं होतं हे नंतर कळतं, रेकॉर्डिंग मात्र आधी करावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. यंदाच्या गॅदरिंगला लायटिंगवर थोडं कमी उधळा. ई अँड टीसीच्या दोघांना मिक्सरजवळ बसवा, गाणाऱ्याची परवानगी घ्या, कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करा. तारीख आणि नावं लिहून एक कॉपी लायब्ररीत ठेवा, एक होस्टेलवर.

खरखर आली तरी चालेल. पहिलं नाव माझं लिहून घ्या.