काटा खरे बोलतो का?

मोटारीच्या रेडिएटरमध्ये शीतक मिसळलेले पाणी भरले, टोपण लावले, की काम संपले असे पुष्कळांना वाटते. पण पाणी भरताना आत थोडी हवा कोंडते. ती हलकी असल्याने वर चढते आणि इंजिनाच्या माथ्यात, म्हणजे अतिशय तापणाऱ्या भागातच, अडून बसते.

एक लिटर पाणी एक अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, तेवढी घ्यायला साध्या दाबाची सुमारे 3,500 लिटर हवा लागेल! तेव्हा हवेचा फुगा अडलेल्या जागी धातू तापतच जातो. तापमान मोजणारे टोक नेमके त्या हवेत आले, तर काटा बेताचाच आकडा दाखवतो आणि इकडे माथा वाकतो. काटा खोटे बोलला का? नाही. ज्याचा स्पर्श झाला, त्याचेच तापमान त्याने सांगितले.

म्हणून जाणते मेकॅनिक इंजिन थंड असताना सावकाश पाणी ओततात, हवा सोडण्याचा स्क्रू ढिला करतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहतात. गॅरेजमध्ये हे जरूर पाहा. मात्र तापलेल्या रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नका; दाब सुटताच उकळते पाणी अंगावर उसळते.

आमच्या मते, तापमान अचूक वाचण्याइतकेच तापमापीचा फुगा कशात बुडाला होता हे सांगण्यालाही प्रयोगवहीत गुण हवेत. शिक्षकहो, आपल्याला काय वाटते?