सात दिवसांचा रंग

– मोठ्या वर्गातल्या आम्ही चौघी

मित्रमैत्रिणींनो, आणि हा अंक फ्रीजवर चिकटवण्याआधी वाचून काढणाऱ्या आई-बाबांनो,

जून जवळ आला की आमच्या शाळांमध्ये प्रॉमची धांदल सुरू होते. ड्रेस, बूट, केस, भाड्याची गाडी आणि स्प्रे टॅन. त्या आठवड्यात वर्गातल्या कितीतरी गोऱ्या मुली तपकिरी होऊन येतात, काही तर चक्क नारिंगी होऊन येतात. मग इकडे मराठीचा वर्ग सुटायची वाट पाहत हॉलबाहेर चहा पिणाऱ्या मंडळींत दरवर्षी तोच विनोद होतो : "आपण गोरे व्हायला धडपडतो आणि ह्या पैसे देऊन काळ्या होतात !" सगळे हसतात. आम्हाला वाटते, हा विनोद आता पुरे झाला. का, ते सांगण्यासाठी हा लेख. पण आधी हा रंग असतो तरी काय आणि टिकतो कसा, ते सांगतो, कारण हसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ते माहीत असते.

फवाऱ्यात डायहायड्रॉक्सिॲसिटोन नावाची एक साधी साखर असते. सोयीसाठी तिला डीएचए म्हणू. ही साखर कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरातल्या प्रथिनांशी संयोग पावते आणि तपकिरी रंग तयार होतो. पाव भाजल्यावर लाल होतो, तव्यावरच्या पोळीला ठिपके पडतात, ती क्रिया ह्याच जातीची. लुई कामिय मायार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. (म्हणजे आपल्या आज्या जे रोज करत होत्या त्याला नाव मिळाले.) कातडीवर हे होते हे लक्षात आले १९५० च्या दशकात, अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात. ईव्हा विट्गेनस्टाइन ह्या संशोधिका एका आजारासाठी मुलांना डीएचए तोंडावाटे देत होत्या. ते अंगावर सांडले की काही तासांनी कातडीवर तपकिरी डाग पडत, कपड्यांवर मात्र पडत नसत. मग त्यांनी ते स्वतःच्या कातडीवर लावून पाहिले.

हा वरचा थर रोज थोडा थोडा गळत असतो, आणि त्याच्याबरोबर रंगही जातो. म्हणून स्प्रे टॅन साधारण ५ ते ७ दिवस राहतो. नीट काळजी घेतली तर आणखी दोन-तीन दिवस. त्याहून जास्त टिकेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. रंग टिकवणे म्हणजे फक्त हे गळणे जरा हळू करणे.

आमच्यातली एक दर शनिवारी एका सलूनमध्ये टॉवेल धुवायचे आणि फरशी झाडायचे काम करते. तिथे पाहून ती जे शिकली ते असे. अर्धे काम फवाऱ्याच्या आधीच होते. आदल्या दिवशी अंग घासून मेलेली कातडी काढायची, म्हणजे रंग ताज्या थरावर बसतो. ह्यासाठी महागडा स्क्रब कशाला ? दिवाळीचे उरलेले उटणे उत्तम. वॅक्सिंग किंवा शेव्हिंग करायचे असेल तर तेही आदल्या दिवशीच. पहिल्यांदाच लावणार असाल तर थोडासा रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा, खाज सुटते का ते कळेल. त्या दिवशी डिओडरंट, सेंट, लोशन काही नको. फक्त कोपर, गुडघे, घोटे आणि बोटांची पेरे इथे क्रीमचा पातळ हात फिरवायचा, कारण कोरडी कातडी जास्त रंग पिते आणि मग गुडघे चिखलात टेकल्यासारखे दिसतात.

फवारा चालू असताना डोळे झाका, ओठांना बाम लावा, नाकात फिल्टर घाला. ही नाटके नव्हेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डीएचएला मान्यता दिली आहे ती बाहेरून लावण्यासाठी. ते डोळ्यांत, ओठांवर किंवा श्वासातून आत जाऊ नये असे ते सांगतात. हे नको असेल तर मिट घालून हाताने फेस लावता येतो. आम्हाला तोच बरा वाटतो. स्वस्त पडतो आणि स्वयंपाकघरात उभे राहूनही होतो.

नंतर सैल, गडद कपडे. सांगितलेल्या वेळेपर्यंत पाणी नाही, घाम नाही, भांडी घासणे नाही (हे वाक्य आईला दाखवा). पहिल्या आंघोळीत कोमट पाणी, साबण न लावता. तेव्हा तपकिरी पाणी वाहू लागते आणि मुली रडू लागतात. पण तो लावणाऱ्याला दिसावा म्हणून मिसळलेला वरवरचा रंग असतो. खरा रंग पूर्ण चढायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. म्हणून शुक्रवारी प्रॉम असेल तर बुधवारी संध्याकाळी लावा. शुक्रवारी दुपारी लावून घेणारीची आम्हाला दया येते.

पुढचे सोपे आहे. टॉवेलने घासू नका, टिपा. सकाळ-संध्याकाळ क्रीम लावा. ओली, मऊ कातडी सावकाश गळते. गरम पाण्यात तासभर लोळणे, पोहण्याच्या तलावातले क्लोरीन, तेल लावून मालिश, हे सगळे रंगाचे शत्रू. आणि उटण्याचा डबा आठवडाभर आईकडेच राहू द्या. रंग पट्ट्यापट्ट्यांनी उडायला लागला की त्यावर दुसरा थर चढवू नका. घासून सगळा काढा आणि हवा असेल तर नव्याने लावा.

रंग टिकत नाही म्हणून सनबेडवर जाण्याचा विचार कोणी करत असेल तर मात्र आम्ही गप्प बसणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये ह्या यंत्रांना माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकले. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०११ पासून १८ वर्षांखालील मुलांना सनबेड वापरू देण्यास कायद्याने बंदी आहे. नाकात मारायचे टॅनिंगचे फवारे विकतात, ते तर वेगळेच आणि विनापरवाना औषध आहे. आठवडाभर टिकणारा बाटलीतला रंग ह्या दोन्हींपेक्षा कितीतरी शहाणा. तो उन्हापासून वाचवत मात्र नाही, सनस्क्रीन लावावेच लागते.

आता मुख्य गोष्ट. आम्हा चौघींतल्या एकीच्या हातांवर आणि गुडघ्यांवर कोड आहे. तिने हे लिहायला सांगितले आहे, नाव घालू नका म्हणाली आहे. (वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे, पण अंक आजोबांकडे नाशिकलाही जातो.) कोडात कातडीला रंग देणाऱ्या पेशी त्या जागी नाहीशा होतात. पण डीएचएला त्या पेशी लागतच नाहीत, त्याचे काम वरच्या थरातल्या प्रथिनांशी. म्हणून पांढऱ्या डागावरही तो रंग चढतो, आणि कोड झाकण्यासाठी कातडीचे डॉक्टर तो सुचवतात. जी गोष्ट शाळेतल्या मुली एका रात्रीसाठी करतात ती आमची मैत्रीण मनात आले तर लहान ब्रशने, डागाच्या कडा सांभाळत, तासभर बसून करते. हातांवरचा रंग सर्वांत आधी जातो कारण हात सारखे धुवावे लागतात. तिला तो तीन-चार दिवसांत पुन्हा लावावा लागतो. डागाची कातडी उन्हात लवकर भाजते, त्यामुळे वरून सनस्क्रीन. कोणी कोडासाठी प्रकाशाचे उपचार घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण हा रंग त्या किरणांच्या आड येऊ शकतो.

रंग दोन दिवस जास्त टिकावा असे तिला वाटते ते कशासाठी, हे "पैसे देऊन काळ्या होतात" म्हणणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही. आणि गंमत अशी की तीच मंडळी कार्यक्रमाच्या आधी हळूच येऊन तिला सांगतात, "बाळा, पूर्ण बाह्यांचे घाल हं." एका काकूंनी तर तिच्या आईला बाजूला घेऊन पुढे लग्नाचे कसे होणार, असे विचारले. ती सोळा वर्षांची आहे ! कोड संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या पुस्तकांत 'श्वेतकुष्ठ' हा शब्द सापडतो आणि त्याने फार नुकसान केले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांचा 'नितळ' (२००६) हा चित्रपट कोड असलेल्या एका मुलीवरच आहे. तो हॉलमध्ये दाखवावा अशी आमची बाईंना विनंती आहे, आणि चहावाल्या मंडळींनी तेव्हा आत येऊन बसावे.

आमचे मत विचाराल तर, ज्यांना रंग हवा आहे त्यांना तो नीट लावून द्यावा आणि टिकवायला मदत करावी, मग ती शाळेतली मैत्रीण असो की आपली. पण कोणाला लावायला लावू नये. उन्हात खेळून आलेल्या छोट्या वर्गातल्या मुलींना "अगं, किती काळवंडलीस" म्हणणे बंद करावे, आणि सुट्टीहून येताना पिशवीतून गोरे करणाऱ्या ट्यूबा आणणेही. त्यांतल्या काहींत पारा किंवा हायड्रोक्विनोन सापडते आणि ह्या देशात अशी क्रीम विकायला बंदी आहे. स्प्रे टॅनची बाटली निदान खरे बोलते : आठवडाभर राहीन, मग जाईन. गोरेपणाची ट्यूब असे कधी बोललेली आम्ही ऐकले नाही.

आणि शाळेतल्या मैत्रिणींनाही एक सांगणे आहे (त्यांना मराठी येत नाही, आम्ही तोंडी सांगू). टॅन झाल्यावर आमच्या हाताला हात लावून "मी आता तुझ्याइतकी झाले" म्हणत जाऊ नका. तुमचा रंग पुढच्या बुधवारी उतरेल.

स्नेहसंमेलनाच्या नाटकात यंदा आमची मैत्रीण राणी आहे. पोलके शिवायला दिले आहे, बाह्या आखूड आहेत. डाग झाकायचे की नाही ते ती त्या आठवड्यात ठरवणार आहे. झाकायचे ठरले तर गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघी ब्रश घेऊन तिच्याकडे जाऊ. नाही ठरले तरी जाऊ, तिची आई थालीपीठ छान करते.